कर्जफेडीच्या वर्षांतले आनंदी घर

कर्ज घेण्याचा निर्णय एका बैठकीत होतो. ते फेडायला वर्षे लागतात. गृहकर्ज वीस वर्षे चालते, वाहनाचे पाच-सात वर्षे, लग्नासाठी किंवा आजारपणासाठी पतसंस्थेतून काढलेले तीन ते पाच वर्षे. एवढ्या काळात मुले शाळेतून कॉलेजात जातात, आईवडील थकतात, घरातली बारशी, मुंजी, लग्ने होऊन जातात. कर्ज फिटेपर्यंत हसणे-खेळणे बाजूला ठेवायचे ठरवले, तर आयुष्याचा मोठा भाग त्यातच निघून जातो. शिवाय कुढत केलेली काटकसर फार दिवस टिकत नाही. तीन महिने कडक बंधने पाळायची आणि चौथ्या महिन्यात कंटाळून क्रेडिट कार्डावर मोठी खरेदी करायची, असा अनुभव पुष्कळ घरांना येतो. म्हणून घर प्रसन्न ठेवणे हा कर्जफेडीच्या योजनेचाच भाग धरावा लागतो आणि हप्त्यांइतकाच त्याचाही विचार नीट करावा लागतो.

कर्जाचा भार मनावर कसा पडतो

पैशाची ओढाताण माणसाच्या विचारशक्तीवर परिणाम करते, हे संशोधनातून दिसले आहे. तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उसाचा पैसा वर्षातून एकदा हाती येतो. तोडणीआधी हात आखडलेला असतो, चीजवस्तू गहाण पडलेल्या असतात. तोडणीनंतर हात मोकळा होतो. त्याच शेतकऱ्यांना दोन्ही वेळी विचारशक्तीच्या चाचण्या दिल्या, तेव्हा तोडणीआधीची कामगिरी स्पष्टपणे खालावलेली आढळली. माणसे तीच, बुद्धीही तीच. पैशाच्या काळजीने मात्र डोक्यातली बरीच जागा व्यापली होती.

सिंगापूरमध्ये एका स्वयंसेवी संस्थेने गरीब कुटुंबांची थकलेली देणी फेडली. त्या कुटुंबांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. देणे फिटल्यावर लोकांची चिंता कमी झाली आणि विचारांत सुधारणा दिसली. विशेष म्हणजे फिटलेली रक्कम सारखी असली, तरी ज्यांची अधिक कर्जखाती पूर्ण बंद झाली त्यांना जास्त फरक पडला. मन एकूण आकड्याइतकाच देण्यांच्या संख्येचाही भार वाहत असते. चार ठिकाणचे चार हप्ते, चार वेगवेगळ्या तारखा आणि चार जणांचे फोन ही अधिक मोठी दमछाक असते.

बहुतेक घरांत मन खचवणाऱ्या गोष्टी तीन असतात: नेमके किती देणे आहे हे ठाऊक नसणे, ते घरच्यांपासून लपवणे आणि शेजारपाजारच्या खर्चाशी स्वतःची तुलना करणे. साधे जेवण किंवा जुना फोन याचा त्रास त्या मानाने थोडा असतो. या तिन्ही गोष्टींवर उपाय आहेत आणि त्यांपैकी कशालाही पैसा लागत नाही.

पहिली पायरी: सगळी देणी एका पानावर

जमाखर्चाच्या वहीत एक पान कर्जासाठी ठेवावे. त्यावर प्रत्येक देण्याचे नाव, शिल्लक मुद्दल, व्याजदर, हप्ता, हप्त्याची तारीख आणि शेवटचा हप्ता कधी, हे सहा रकाने पुरतात. बँक, पतसंस्था, नोकरदारांची सोसायटी, सोनेतारण, बचत गट, भिशीची उचल, दुकानदाराची उधारी, नातेवाइकाचे हातउसने असे सगळे त्यात यावे. आपल्या नावावर नेमकी किती कर्जे आहेत याची खात्री नसेल, तर सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार पतमाहिती संस्थांकडून वर्षातून एकदा संपूर्ण पत अहवाल मोफत मिळतो. कुणाला जामीन राहिलेली कर्जेही त्यात दिसू शकतात.

व्याजदर लिहिताना तो सरळ आहे की घटत्या शिलकीवर, हे पाहावे. एक लाख रुपये तीन वर्षांसाठी १२ टक्के सरळ दराने घेतले, तर व्याज ३६,००० रुपये होते आणि मासिक हप्ता सुमारे ३,७७८ रुपये बसतो. मुद्दल दर महिन्याला कमी होत असते, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर मोजले जाते. हेच कर्ज घटत्या शिलकीच्या पद्धतीने मोजले, तर खरा दर २१ टक्क्यांच्या वर जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि बिगरबँक वित्तसंस्थांनी नव्या वैयक्तिक कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे. सर्व शुल्कांसह वार्षिक दर त्यात लिहिलेला असतो. सहीआधी तो आकडा वाचावा.

हे पान भरताना छातीत धस्स होते. एकूण आकडा अनेकदा अंदाजापेक्षा मोठा निघतो. तरीही आकडा समोर आला की त्याला शेवटची तारीख मिळते आणि रात्री झोप उडवणारी भीती मर्यादित होते.

फेडीचा क्रम

समजा, एका कुटुंबाकडे क्रेडिट कार्डाचे ५०,००० रुपये, सोनेतारणाचे ८०,०००, पतसंस्थेचे १,२०,००० आणि मेहुण्याकडून घेतलेले बिनव्याजी ३०,००० असे एकूण २,८०,००० रुपयांचे देणे आहे. कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के, सोनेतारणाचा वर्षाला ११ टक्के आणि पतसंस्थेचा १३ टक्के धरला, तर पहिल्या महिन्याचे व्याज अनुक्रमे १,७५०, सुमारे ७३३ आणि १,३०० रुपये होते. एकूण देण्यात कार्डाचा वाटा पाचव्या हिश्शाहूनही कमी. व्याजात मात्र जवळपास निम्मा. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ३१५ रुपये लागतात. किमान देय रक्कम पाच टक्के, म्हणजे २,५०० रुपये भरली, तर मुद्दलात फक्त ४३५ रुपये जमा होतात. शिवाय पूर्ण बिल न भरल्याने नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. अशा वेळी कार्ड वापरणे थांबवून सर्वाधिक जोर तिथे लावणे हाच हिशेबी मार्ग. कमी व्याजाचे कर्ज मिळत असेल तर त्यातून कार्डाची बाकी एकरकमी फेडता येते. मात्र त्यानंतर तेच कार्ड पुन्हा भरू लागले, तर एका देण्याची दोन देणी होतात.

क्रमाच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत सर्वांत महाग कर्ज आधी फेडतात. व्याज सर्वांत कमी लागते. दुसरीत सर्वांत लहान कर्ज आधी फेडतात. एक खाते लवकर बंद होते आणि हुरूप येतो. डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅक्शेन यांनी कर्जफेड योजनेतील ग्राहकांच्या नोंदी तपासल्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, ज्यांनी खाती एकेक करून बंद केली त्यांची सगळे कर्ज संपवण्याची शक्यता अधिक होती. दरांत फार फरक नसेल तेव्हा लहान देणे आधी संपवणे मनाला मानवते. वरच्या उदाहरणासारखा मोठा फरक असेल तेव्हा महाग देणे आधी. हातउसन्याला व्याज नसले तरी त्यात नाते गुंतलेले असते. मेहुण्याला दरमहा दोन हजार द्यायचे ठरवून तसे सांगितले, तर पंधरा महिन्यांत ते फिटते आणि कार्यप्रसंगी समोर जाताना मान खाली घालावी लागत नाही.

गृहकर्जात वेळेआधी भरलेल्या रकमेला मोठे मोल असते. ३० लाख रुपये साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो आणि एकूण व्याज ३२ लाखांच्या पुढे जाते. दरवर्षी बोनसमधून एक जादा हप्ता भरला, तर हे कर्ज तीन वर्षांहून अधिक काळ आधी संपते. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. जादा रक्कम भरताना हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घेतली, की व्याज अधिक वाचते.

काटकसर कुठे करावी

काटकसर म्हटले की भाजीची पिशवी आणि चहाचा कप आठवतो. खरी बचत मात्र थोड्या, मोठ्या निर्णयांत असते. घरभाडे, वाहन, शाळेची निवड, विम्याचे फसवे करार आणि कार्यांचे खर्च यांतला एक बदलही किराण्याच्या वर्षभरच्या घासाघिशीपेक्षा जास्त पैसे वाचवतो. दुसरी गाडी विकली, तर हप्त्यासोबत पेट्रोल, विमा आणि दुरुस्तीही जाते. मोठा निर्णय एकदाच घ्यावा लागतो आणि रोजच्या जेवणाला हात लावावा लागत नाही. उलट प्रत्येक दहा रुपयांवर रोज वाद घालणारे घर लवकर थकते.

कार्यांच्या खर्चाबाबत महाराष्ट्रात जुनी आणि ठाम शिकवण आहे. महात्मा जोतिराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ मध्ये पुरोहिताविना, कमी खर्चाचा विवाह लावून दाखवला. गाडगेबाबा गावोगावच्या कीर्तनांतून कर्ज काढून सण-लग्ने करण्याला विरोध करत राहिले. बस्ता, मानपान, आहेर, मांडव आणि पंगती यांसाठी काढलेले कर्ज संसाराच्या पहिल्याच वर्षांवर पडते. विशेष विवाह कायद्यानुसार नोंदणी कार्यालयात तीस दिवसांच्या नोटिशीनंतर अगदी थोड्या खर्चात लग्न होते. त्यानंतर जवळच्या माणसांना घरी जेवू घातले, तरी सोहळा पुरा होतो.

स्वयंपाकघरात मराठी घरांकडे काटकसरीचे मोठे भांडार आहे. झुणका-भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, कुळथाचे पिठले, मोडाची उसळ, आमटी-भात हे स्वस्त, पोटभरीचे आणि रुचकर अन्न आहे. उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे घालून ठेवले, की पावसाळ्यात महाग भाजीवाचून अडत नाही. उरलेल्या पोळीचा कुस्करा आणि शिळ्या भाताचा फोडणीचा भात मुले आवडीने खातात. जुन्या लुगड्यांची गोधडी वर्षानुवर्षे ऊब देते. या गोष्टी गरिबीची खूण म्हणून केल्या तर त्या जड वाटतात; घरातले कसब म्हणून केल्या तर त्यांचा अभिमान वाटतो.

दोन ठिकाणी मात्र काटकसर घातक ठरते: आरोग्य आणि अडीअडचणीची शिल्लक. औषधे टाळली तर आजार वाढून नवे कर्ज होते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत राज्यातील कुटुंबांना अंगीकृत रुग्णालयांत ठरावीक उपचार वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत मोफत मिळू शकतात. तिची कागदपत्रे आधीच तयार ठेवावीत. कर्जफेड चालू असतानाही निदान एका महिन्याच्या घरखर्चाएवढी रक्कम वेगळी साठवावी. ती नसेल तर पंप बिघडला, दात दुखला, अशा प्रत्येक वेळी हात पुन्हा कार्डाकडे जातो.

आनंदाची तरतूद

महिन्याच्या अंदाजपत्रकात आनंदासाठी एक लहान रक्कम ठरवून ठेवणे शहाणपणाचे असते. ती पाचशे रुपये असेल किंवा हजार. तिचा जाब कुणी विचारू नये. ठरवून केलेल्या खर्चाची बोच लागत नाही आणि त्याची वाट पाहण्यातही सुख असते. महिन्यातून एकदा मिसळ खायला जाणाऱ्या घराला ती मिसळ रोज बाहेर खाणाऱ्यापेक्षा जास्त चवदार लागते. नव्या वस्तूची सवय होऊन तिचे सुख ओसरते, हे मानसशास्त्रातले सुपरिचित निरीक्षण आहे. थोड्यातल्या राहणीलाही माणूस असाच सरावतो. सुरुवातीचे काही महिने जड जातात. पुढे ते अंगवळणी पडते.

महाराष्ट्रात कमी खर्चातल्या करमणुकीची वाण नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे आणि त्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालये गावोगावी आहेत. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून वाचकांची सेवा करत आहे. नाममात्र वर्गणीत वर्षभर पुस्तके मिळतात आणि दिवाळी अंकांची योजना घेतली, तर एका अंकाच्या किमतीत अनेक अंक वाचून होतात. पुण्यातील वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली. तिच्यासारख्या व्याख्यानमाला आज अनेक गावांत भरतात. भजनी मंडळ, हौशी नाट्यसंस्था, टेकडीवरचा सकाळचा फेरफटका, रविवारचा किल्ला यांना फारसे पैसे लागत नाहीत. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे आणि २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे. अनेक दिवस फिरायचे असेल तर महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही पास योजना आहे.

सणांचा आनंदही खर्चावर अवलंबून नसतो. घरी वळलेल्या करंज्या, मुलांनी मातीत रचलेला किल्ला, हाताने केलेला आकाशकंदील यांत सगळ्या घराचा हात लागतो. देण्याची सवयही पूर्ण सोडू नये. एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासात दुसऱ्यांसाठी लहान रक्कम खर्च करणारी माणसे स्वतःवर तेवढीच खर्च करणाऱ्यांपेक्षा अधिक आनंदी आढळली. पैसा नसेल तेव्हा वेळ देता येतो. शेजारच्या मुलाचा अभ्यास घेणे किंवा आजाऱ्याला डबा पोचवणे यामुळे कर्जात असलेल्या माणसालाही आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत असे वाटते.

घरात बोलणे

कर्ज लपवले की ते दुप्पट जड होते. पतीने पत्नीपासून किंवा पत्नीने पतीपासून लपवलेला हप्ता बाहेर आल्यावर पैशापेक्षा विश्वासाची हानी मोठी असते. महिन्यातून एक ठरलेला दिवस, शक्यतो पगारानंतरचा रविवार, दोघांनी वही उघडून बसावे. त्या बैठकीत मागच्या चुका उगाळायच्या नाहीत, फक्त आकडे आणि पुढचा महिना, असा नियम ठेवला तर भांडणे टळतात.

मुलांनाही वयाप्रमाणे सांगावे. ‘घरासाठी कर्ज आहे, ते अमुक वर्षी संपेल, तोवर मोठ्या खरेद्या जपून करायच्या’ एवढे दहा वर्षांच्या मुलाला समजते. अर्धवट कानावर पडलेली कुजबुज मुलांना जास्त घाबरवते. भिंतीवर कर्जाचा तक्ता लावून प्रत्येक हप्त्यानंतर मुलाला एक चौकोन रंगवायला दिला, तर तोही कामात सामील होतो. नातेवाईक आणि मित्रांना ‘यंदा जमणार नाही’ असे शांतपणे, कारणांची यादी न देता सांगता यायला हवे. सोसायटीतली नवी मोटार आणि फोनवर दिसणाऱ्या परदेश सहलींचे फोटो यांमागचे हप्ते दिसत नसतात, हेही ध्यानात ठेवावे. तुलनेचा त्रास होत असेल तर समाजमाध्यमांवरचा वेळ कमी करणे उपयोगी पडते.

हप्ता थकला तर

नोकरी गेली, पीक बुडाले, आजार आला, तर उत्तम योजनाही कोलमडते. हप्ता थकण्याआधीच बँकेत जाऊन लेखी अर्ज द्यावा. मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा मार्ग अनेकदा निघतो. वसुलीलाही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. मायक्रोफायनान्स कर्जांसाठी ही वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा आहे. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांसमोर अपमान यांना मनाई आहे. बँकेकडे तक्रार करून तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

खासगी सावकारासाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे, चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. दामदुपटीचा हा जुना नियम कायद्याने कायम ठेवला आहे. सावकारीत बळकावलेल्या जमिनीबाबत सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. कर्जाच्या विचाराने जगणेच नकोसे वाटू लागले, तर ते एकट्याने सोसू नये. ‘टेलिमानस’ ही केंद्र सरकारची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही मोफत मिळते. कोणतेही कर्ज माणसापेक्षा मोठे नसते.

शेवटचा हप्ता आणि त्यानंतर

लांबच्या फेडीत टप्पे साजरे करावेत. एक खाते बंद झाले, मुद्दल निम्म्यावर आले, की घरी पुरणपोळी व्हावी किंवा सगळ्यांनी मिळून एखादे नाटक पाहावे. त्या खात्याचा मोकळा झालेला हप्ता पुढच्या कर्जाला जोडावा. फेडीचा वेग आपोआप वाढतो.

कर्ज संपल्यावर कागदांचे काम तेवढ्याच काळजीने पुरे करावे. बँकेकडून देणे नसल्याचा दाखला घ्यावा. १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत तारणाची मूळ कागदपत्रे परत देणे बँकांवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. शेतजमीन तारण असेल तर सातबारावरचा बोजा कमी करून घ्यावा, वाहन असेल तर नोंदणीपुस्तकावरची बँकेची नोंद काढून घ्यावी आणि काही आठवड्यांनी पत अहवालात खाते ‘बंद’ दिसते का ते पाहावे.

सवय झालेली हप्त्याची रक्कम निदान वर्षभर बचतीत टाकत राहावे. चार-सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक जमली, की पुढच्या अडचणीत कर्ज काढावे लागण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. फेडीच्या काळात शिकलेला हिशेब, घरातला मोकळा संवाद आणि थोडक्यात समाधान मानण्याची सवय ही कमाई कर्ज फिटल्यावरही उरते. ती जपणाऱ्या घराला पुन्हा कर्जाच्या दारात उभे राहण्याची वेळ क्वचितच येते.